‘हा लेख वाचा’ असं कुणीतरी सांगायला हवं

प्रति,
महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळांचे सदस्य यांना

सप्रेम नमस्कार.

दर महिन्याला आपल्या वाचनालयात जी लहान नियतकालिकं येतात, त्यांतले चार-पाच चांगले लेख निवडा. लेखाचं नाव, लेखकाचं नाव, पान क्रमांक आणि तो का वाचावा याच्या दोन-तीन ओळी एका कागदावर लिहा आणि तो कागद दर्शनी भागात लावा. एवढीच विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागचं कारण लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पुस्तक आलं की ते दाखलनोंद वहीत चढतं. त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, कपाटात जागा मिळते. दहा वर्षांनी कुणी मागितलं तरी ते सापडण्याची शक्यता असते. मासिकाचं तसं होत नाही. ‘अंक आला’ एवढी खूण नोंदवहीत होते, मुखपृष्ठावर वाचनालयाचा शिक्का बसतो, आणि अंक टेबलावर जातो. पुढचा अंक आला की आधीचा त्याच्या खाली सरकतो. वर्ष संपलं की बारा अंकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा माळ्यावर जातो, आणि माळा भरला की रद्दीवाल्याला फोन होतो. त्या बारा अंकांत शंभराच्या आसपास लेख असतील. त्यांतल्या एकाचंही नाव वाचनालयाच्या कुठल्याही वहीत उमटलेलं नसतं. लेखाचं आयुष्य महिनाभराचं, आणि त्या महिन्यात कुणी बोट दाखवलं नाही तर तेवढंही नाही.

आणि मराठीतला विचार मोठ्या प्रमाणात घडला तो लेखांमध्येच. पुस्तकं बहुतेक वेळा नंतर आली. लोकहितवादींची शतपत्रं आज आपण पुस्तक म्हणून कपाटात ठेवतो, पण १८४८ पासून ती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये एकेक करून छापली गेली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि सात वर्षांत ८४ अंक दिले, तेही बहुतेक सगळं लेखन एकट्याने करून. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केलं. यांतल्या कशामागेही मोठी भांडवली संस्था नव्हती. एखाददुसरा माणूस, एक छापखाना, थोडे वर्गणीदार, आणि अंक वाचून दुसऱ्याच्या हातात देणारे वाचक, एवढ्यावर ते चाललं.

यातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या पत्रात मुक्ता नावाच्या एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. ती मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध. वेद ब्राह्मणांचेच असतील तर मग आम्ही धर्म नसलेले ठरतो, असा सरळ तर्क ती मांडते आणि आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, असं थेट देवाला विचारते. डोक्यावर छप्पर नाही अशा अवस्थेत, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल ती लिहिते. इमारतींच्या पायांत माणसं पुरली जात, त्याबद्दल लिहिते. आज मुक्ता साळवे हे नाव पाठ्यपुस्तकांत येतं, तिच्या निबंधाचं जाहीर वाचन होतं, स्त्रियांच्या आणि दलितांच्या लेखनाचा इतिहास सांगताना तिच्यापासून सुरुवात केली जाते. हे कशामुळे शक्य झालं? ‘ज्ञानोदय’चे जुने अंक कुठेतरी टिकले, कुणीतरी ते उलगडून वाचले, आणि वाचणाऱ्याने दुसऱ्याला सांगितलं की यात हे आहे, हे वाच. तीन गोष्टींपैकी एक जरी झाली नसती तरी मुक्ताचा आवाज आपल्यापर्यंत आला नसता. तिच्या बरोबरीने लिहिणाऱ्या इतर मुली असतील तर त्यांचे अंक रद्दीत गेले, एवढंच म्हणता येतं.

पुढच्या काळातही हेच. पन्नास-साठच्या दशकांत ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ अशी लघुनियतकालिकं निघाली. मोठ्या मासिकांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं अशांनी ती स्वतःच्या खिशातून काढली. लेखकाचा ‘लेखकराव’ का होतो, हा भालचंद्र नेमाड्यांचा लेख ‘वाचा’त आला. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि दलित साहित्याची दोन-तीन पिढ्यांची घडण त्या एका त्रैमासिकाच्या आधाराने झाली. हे अंक छापले जायचे थोडे, आणि वाचले जायचे त्याच्या कित्येक पट, कारण हॉस्टेलमध्ये, चहाच्या टपरीवर, चळवळीच्या बैठकीत कुणीतरी पान उघडून समोरच्याला म्हणायचं, हे बघ.

तेव्हा हे काम मित्रमंडळी करत होती. आज ते कुणी करायचं, हा माझा प्रश्न आहे, आणि मला वाटतं ते वाचनालयाने करावं.

लहान नियतकालिकं आजही निघतात, आणि ती मुंबई-पुण्यापुरती कधीच नव्हती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं ‘नवभारत’ स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये सुरू झालं. पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्याहून ‘कवितारती’ काढलं, कवितेला वाहिलेलं. दि. य. देशपांड्यांनी १९९० मध्ये नागपुरात ‘आजचा सुधारक’ सुरू केला आणि विवेकवादावर वर्षानुवर्षं चर्चा घडवली. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. मुलांना वाढवण्याबद्दल ‘पालकनीती’ आहे, भाषेबद्दल मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ आहे. यांतली काही छापील रूपात चालू आहेत, काही थांबली, काहींनी रूप बदललं. शिवाय तालुक्याच्या गावांतून चार-सहा जणांनी मिळून काढलेली कितीतरी आहेत, ज्यांची नावं जिल्ह्याबाहेर माहीत नसतात. लेखकाला मानधन नाही, संपादकाला पगार नाही, पत्ते हाताने लिहून अंक पोस्टात टाकले जातात. त्यांची जाहिरात करायला कुणी बसलेलं नाही. त्यांतल्या चांगल्या लेखाकडे वाचकाला नेणारा माणूस नसेल तर तो लेख लिहिला गेला काय आणि नाही काय.

आता आपण सध्या शिफारस कशी करतो ते पाहू. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे, आणि जगात आपल्याला अभिमान वाटावा अशा गोष्टींत मी ती धरतो. दरवर्षी काही शे अंक निघतात. वाचनालयं खास योजना काढतात, सभासद ठराविक रक्कम भरतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत एकेक अंक नेतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून अंकांची ओळख येते, आणि ती ओळख कशी असते ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अमुक अंकात अमुक, अमुक आणि अमुक यांच्या कथा, तमुक यांच्या कविता, तमुक यांचे लेख, याशिवाय वार्षिक राशिभविष्य, मुखपृष्ठ आकर्षक, एकूणच अंक वाचनीय आणि संग्राह्य. या मजकुरातून वाचकाच्या हाती काय लागतं? चाळीस नावं वाचून त्याला हे कळत नाही की कुठल्या लेखासाठी रात्री तासभर जागावं. लिहिणाऱ्याने तो लेख वाचला होता की अनुक्रमणिका पाहून नावं उतरवली, हेही कळत नाही. सगळेच अंक संग्राह्य असतील तर संग्रह कशाचा करायचा?

अख्ख्या अंकाला चांगलं म्हणणं सोपं असतं, त्यात कुणाला दुखवावं लागत नाही. एका लेखाला चांगलं म्हणायचं तर तो शेवटपर्यंत वाचावा लागतो आणि आपलं मत उघड करावं लागतं. मला ग्रंथपालांकडून हेच दुसरं हवं आहे.

चिठ्ठी कशी असावी याचा एक नमुना देतो. समजा तुमच्या माळ्यावर ‘साधना’ साप्ताहिकाची १९७२ ची फाइल आहे. तर लिहा:

‘काळा स्वातंत्र्यदिन’, राजा ढाले, ‘साधना’, १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी अनिल अवचट यांनी संपादित केलेल्या विशेषांकातला लेख. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना झाली. त्या गुन्ह्याला कायद्यात किती किरकोळ शिक्षा आहे आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती, ही तुलना ढाले करतात. या लेखावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं आणि दलित पँथरचं नाव घरोघरी गेलं. भाषा जहाल आहे, काही वाक्यं आजही अंगावर येतील. त्या वेळी वाद का पेटला हे समजून घ्यायचं असेल तर लेख मुळातून वाचा. अंक काउंटरवर मागा, वाचनालयातच बसून वाचता येईल.

हा लेख निवडण्याचं कारण असं की त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि तो सबंध वाचलेले थोडे. ध्वजाबद्दलचं एक वाक्य सगळ्यांना ऐकून माहीत असतं. ते वाक्य ज्या रागातून आलं तो राग मात्र पूर्ण लेख वाचल्याशिवाय कळत नाही. अशी कितीतरी पानं आपल्या माळ्यांवर पडून आहेत. म्हणून दर महिन्याच्या कागदावर चार लेख नवे असतील तर एक जुना असावा, अशी माझी सूचना आहे.

तालुक्याच्या एका वाचनालयात हा प्रयोग मी पाहिला आहे. तिथल्या ग्रंथपालबाईंनी विहिरींच्या पुनर्भरणावरचा एक लेख निवडला होता. कोणत्या तरी छोट्या त्रैमासिकात, अंकाच्या अगदी शेवटी आलेला, लेखकाचं नाव कुणाला माहीत नसलेलं. त्यांनी कागदावर पान क्रमांक लिहिला आणि खाली एवढंच लिहिलं की आपल्या भागातला काळा दगड पाणी का धरत नाही हे यात सोप्या शब्दांत सांगितलं आहे. महिन्याने मी तो अंक हातात घेतला तर बाकीची पानं कोरी करकरीत, आणि ती चार पानं बोटांनी मळलेली, एका आकृतीखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली. दोन शेतकऱ्यांनी त्याची झेरॉक्स मागितली होती. एरवी तो अंक उघडलाही गेला नसता, कारण मुखपृष्ठावर कवितेच्या ओळी होत्या आणि शेतकऱ्याने तो का उचलावा?

कागदावर कुणाची निवड असावी, याचाही विचार करायला हवा. ग्रंथपालांनी सुरुवात करावी, पण दर महिन्याला त्यांच्या जोडीला एक वाचक घ्यावा. निवृत्त शिक्षक आपल्याकडे येतातच, त्यांना विचारावं. पण आशा सेविका, कृषी सहायक, एसटीचा वाहक, ब्यूटी पार्लर चालवणारी बाई, यांनाही विचारावं. गेल्या काही वर्षांत आपली कितीतरी वाचनालयं अभ्यासिका झाली आहेत. सकाळपासून रात्रीपर्यंत एमपीएससीची आणि पोलीस भरतीची मुलं-मुली तिथे बसलेली असतात. मासिकांच्या टेबलापासून ती हाताच्या अंतरावर असतात आणि त्या टेबलाकडे वळत नाहीत, कारण त्यात आपल्या कामाचं काही असेल असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पाणीवाटप, सहकार, आरक्षण, शेतमालाचे भाव या विषयांवर लहान नियतकालिकांत जे येतं ते गाइडांत सापडणार नाही. त्यांच्यातल्याच एखादीला म्हणा, या महिन्याचे दोन लेख तू निवड. ती निवडेल, आणि तिचं नाव त्या कागदावर आहे म्हणून तिच्या मैत्रिणी वाचतील.

काही पथ्यं पाळावी लागतील. ज्याने लेख पूर्ण वाचला आहे त्यानेच शिफारस करावी. स्वतःचा, नातेवाइकाचा किंवा कार्यकारी मंडळातल्या सदस्याचा लेख निवडू नये. गावात साहित्याचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटाचं आपलं मासिक असतं, तेव्हा निवड करणारा दर महिन्याला बदलला की कुरकुर कमी होईल. नामवंताचा लेख नाव पाहून घेऊ नये, आणि नवख्याचा लेख नवखा म्हणूनही घेऊ नये. लेखात काही कच्चं असेल तर तेही लिहावं. ‘शेवटचा भाग घाईत लिहिलेला वाटतो, पण पहिली सहा पानं वाचाच’ असं लिहिलं तर वाचकाचा त्या कागदावर विश्वास बसतो. ज्याच्याशी आपण सहमत नाही असाही लेख निवडता यायला हवा, फक्त असहमती कशाबद्दल आहे ते एका ओळीत सांगावं.

वाचल्याचं सांगणं हे कमी प्रतीचं काम नाही. सतीश काळसेकरांनी आपल्या वाचनाविषयी जे लिहिलं त्याच्या पुस्तकाला, ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला, २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेला हा कवी. काय वाचलं, ते कुठे सापडलं, कुणी दिलं, हे इतक्या आस्थेने सांगता येतं आणि त्याचं साहित्य होतं, हे त्यातून दिसलं. आणि शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तिच्यावर आजही अभ्यासक उभे आहेत. सूचीने काय आहे ते कळतं. त्यातलं काय आधी वाचावं ते सांगणारा माणूस तरीही लागतोच, पण निदान ग्रंथांना दाते मिळाले. तुमच्या गावातल्या मासिकांमधल्या लेखांना तुमच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून दुसरी विनंती. दर महिन्याचे हे कागद फाडून टाकू नका. एका फाइलीत लावा. पाच वर्षांनी त्या फाइलीत दोन-तीनशे लेखांची नोंद झालेली असेल, आणि कुठला गठ्ठा जपायचा, कुठला सोडायचा, हे ठरवायला ती उपयोगी पडेल. रद्दी काढायची वेळ आली तर निदान फाइलीत ज्यांची नावं आहेत ते अंक बाजूला ठेवा.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आपली वाचनालयं चालतात, वर्गाप्रमाणे अनुदान येतं, तेही हप्त्याहप्त्याने. ग्रंथपालाला मिळणारी रक्कम संसार चालवण्याजोगी नाही. तपासणीला अधिकारी आले की वर्गणीदारांची संख्या, ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या पाहतात, एखादा लेख किती जणांनी वाचला हे कुणी विचारत नाही. त्यात हे नवं काम कशाला, असं वाटेल. पण याला एक कोरा कागद, एक पेन आणि महिन्यातले दोन-तीन तास एवढंच लागतं, आणि ते दोन-तीन तास वाचनाचे असतात, ज्याच्या ओढीने आपल्यातले बरेच जण या कामात आले.

कार्यकारी मंडळांना वेगळं सांगायचं आहे. नियतकालिकांची यादी वर्षानुवर्षं तीच पुढे ओढू नका. संख्या भरण्यासाठी घेतलेली, कुणी न उघडणारी दोन मासिकं कमी करून दोन लहान नियतकालिकं घ्या. वर्षाची वर्गणी काही शे रुपये असते. त्यांतलं एक आपल्या जिल्ह्यातलं असावं. आणि वर्गणी संपल्याचं संपादकांचं पोस्टकार्ड येण्याची वाट पाहू नका, कारण शंभर वाचनालयांनी वेळेवर पैसे पाठवले तर लहान नियतकालिकाचा पुढचा अंक निघतो आणि नाही पाठवले तर निघत नाही, इतकं ते गणित साधं आहे.

शेजारच्या गावच्या वाचनालयाला आपला कागद पाठवा, त्यांचा मागवा. आता मोबाइलवर फोटो काढून पाठवणं क्षणाचं काम आहे. एका तालुक्यात दहा वाचनालयांनी प्रत्येकी चार लेख सुचवले, तर त्या तालुक्यातल्या वाचकासमोर महिन्याला चाळीस लेख येतात, आणि एखादा लेख तीन ठिकाणी निवडला गेला तर तो काय आहे हे पाहायला लोक नक्की जातील. जिल्हा ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत ठराव होतात, भाषणं होतात. त्यांतला अर्धा तास यासाठी मागून घ्या आणि वर्षभरात निवडलेल्या लेखांपैकी एक तिथे मोठ्याने वाचा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही हे करता येईल. लेखक हयात असेल तर त्याला बोलवा, प्रवासखर्च द्या.

सुरुवातीला दिवाळी अंकांचा हंगाम सोयीचा आहे. अंकांना खाकी कव्हरं घालून क्रमांक टाकायचं काम तुम्ही करताच. त्याच वेळी प्रत्येक अंकाच्या आतल्या बाजूला एक कोरी चिठ्ठी चिकटवा आणि वर छापा: ‘यातला कोणता लेख दुसऱ्याने वाचावा असं वाटलं? पान क्रमांक आणि कारण लिहा.’ अंक मार्चपर्यंत हातोहात फिरेल. परत आला की चिठ्ठी काढून घ्या, आणि एप्रिलचा पहिला कागद त्या चिठ्ठ्यांवरून तयार करा.

आपला,
वाचनालयाचा एक सभासद